एका लांब बोल्टाचं प्रकरण: विक्रोळीत घरीच काढलेली आणि बसवलेली फेअरिंग

पार्श्वभूमी

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरातल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गाडीचं मॉडेल दिलेलं नाही. गाडी घरातल्या मुलीची. १५० सीसी वर्गातली, लिक्विड-कूल्ड, पुढून खालपर्यंत पूर्ण फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, असलेली, काही वर्षं रोजच्या वापरातली. मुलगी अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला, म्हणजे रोज जेव्हीएलआर, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. मेट्रो ६ चं काम सुरू झाल्यापासून ज्यांनी हा रस्ता सकाळी नऊच्या सुमाराला गाठला आहे, त्यांना पुढची अडचण लगेच कळेल. गांधीनगरपासून पवईपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही.

वडील बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरात हत्यारांची पेटी आहे, व्हर्निअर आहे आणि हात कसलेला आहे. पण तो कसलेला लोखंडावर. अडकलेला नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावून फिरवायचा, ही त्यांची तालीम. प्लास्टिकला ती चालत नाही, आणि या प्रकरणातला अर्धा ताण इथूनच आला.

मी त्याच वसाहतीत राहतो आणि दुचाकी दुरुस्ती शिकवतो. म्हणून मला बोलावणं आलं आणि काम जवळून बघता आलं. फेअरिंगच्या कामाबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, ‘चार स्क्रू तर आहेत’. दुसरा, ‘हात लावलास तर तुटणारच’. मला दोन्ही पटत नाहीत. पॅनल, म्हणजे फेअरिंगचा एकेक सुटा भाग, बोल्टांवर लटकलेलं नसतं, ते खाचांमध्ये आणि रबरांमध्ये बसलेलं असतं. नीट बसल्यावर ते जागचं हलू नये एवढंच बोल्टाचं काम. ही एक गोष्ट हाताला समजली की घरी काम जमतं, नाही समजली तर चांगल्या गॅरेजातही बिघडतं. या गाडीच्या बाबतीत दोन्ही घडलं.

अडचण

एप्रिलअखेर एका गॅरेजमध्ये कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलून घेतलं होतं. त्यासाठी डावं साइड पॅनल उघडावं लागलं. गाडी परत आल्यावर आठवडाभरातच खडखड सुरू झाली. चार-साडेचार हजार आरपीएमला डाव्या गुडघ्यापाशी पॅनल वाजायचं, वेग बदलला की आवाज जायचा. मुलीने दुर्लक्ष केलं.

मे महिन्याच्या मध्यावर तापमानाचा लाल दिवा लागायला लागला. तोही फक्त सिग्नलला आणि कोंडीत. आयआयटीच्या मेन गेटपुढे रस्ता जरा मोकळा झाला की दिवा विझायचा. हे लक्षण बोलकं आहे. गाडी धावत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून जातो आणि कुलंट थंड होतं. गाडी उभी असते तेव्हा वारा नाही, सगळी भिस्त रेडिएटरच्या फॅनवर. धावताना ठीक आणि उभी असताना गरम, म्हणजे संशयाचं पहिलं बोट फॅनकडे. तिने सिग्नलला इंजिन बंद करायची सवय लावून घेतली आणि सुमारे दोन आठवडे तशीच गाडी चालवली.

गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, पॅनलचे लॉक तुटलेत, नवीन पॅनल टाकावं लागेल. फॅनचा सेन्सर गेला असेल, तो नंतर बघू.” म्हणजे दोन तक्रारी, दोन वेगळी कारणं, दोन वेगळे खर्च. खडखड आणि फॅन एकाच दुरुस्तीनंतर काही दिवसांच्या अंतराने सुरू झाले आहेत, हा धागा कोणीच जोडला नव्हता.

कोणते पर्याय होते

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला डावं पॅनल स्टिकरसह बदलणं आणि वायरिंग तपासणं मिळून आठ हजारांच्या पुढचा अंदाज दिला गेला. शिवाय पॅनल मागवावं लागणार होतं आणि पावसाआधीची गर्दी होती. काम बहुधा व्यवस्थित झालं असतं. अडचण पैशांची होतीच, पण त्याहून मोठी म्हणजे पॅनल खरंच बदलायला हवं का, हे आतून कोणी पाहिलेलंच नव्हतं.

आधीच्या गॅरेजात परत जाणं मुलीला नको होतं. मला ते समजत होतं, तरी त्या गॅरेजबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे एकाच ट्रेमध्ये तीन-तीन गाड्यांचे स्क्रू पडलेले असतात, दारात गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असतं आणि काम करणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. सारखे दिसणारे बोल्ट तिथे अदलाबदल होतात ते आळसामुळे नाही. वेगळे ठेवायला जागा आणि वेळ कोणी दिलेलाच नसतो.

वडिलांचा पर्याय सरळ होता. “फेअरिंग काढूनच टाक. आमच्या काळात कुठे होती?” पण या गाडीत पुढचे इंडिकेटर आणि आरसे फेअरिंगवर आहेत. ती काढली तर जेव्हीएलआरवर ट्रेलरच्या शेजारून वळताना समोरच्याला काय दाखवणार आणि मागचं कसं बघणार? हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

उरला घरी उघडून बघण्याचा पर्याय. बाजूने तीन गोष्टी होत्या. हत्यारं होती, वडिलांचा हात होता, आणि निदान फुकटात होणार होतं. विरोधात दोन. या गाडीला मधला स्टँड नाही आणि पार्किंग उघड्यावर आहे. जून तोंडावर आलेला, मृग लागायला थोडेच दिवस राहिलेले, काम अर्धवट राहिलं तर पावसात सापडणार. मागच्या चाकाला लावायचा पॅडॉक स्टँड ओळखीच्या एकाकडून आणला आणि शनिवार धरला. मी एकच अट घातली होती. आधी बघायचं, दुरुस्तीचं नंतर ठरवायचं. ‘उघडलंच आहे तर’ असं म्हणत त्याच दिवशी आणखी काही करायचं नाही.

काढणी

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली. खाली जुनी सतरंजी, पडलेला स्क्रू घरंगळून गटारात जाऊ नये म्हणून. मुलीने खोक्याचा एक मोठा पुठ्ठा आणला, त्यावर मार्करने डाव्या पॅनलचा आकार काढला आणि निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायला सुरुवात केली. डब्या, पिशव्या, चिठ्ठ्या यांपेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली, कारण कोणता बोल्ट कुठला हे लक्षात ठेवावंच लागत नाही. निदानही या पुठ्ठ्यानेच केलं. पॅनलच्या मधल्या ओळीत एकमेकांच्या शेजारी टोचलेले तीन बोल्ट तिने पाहिले आणि म्हणाली, “काका, हा एकटाच एवढा लांब का?”

दोन आखूड होते, डोक्याखाली गुळगुळीत कॉलर आणि मग थोडेसे आटे. तिसरा साधा, जवळजवळ दुप्पट लांब, खाली गंजलेला वॉशर. या तिसऱ्याची जागा रेडिएटरच्या अगदी शेजारी होती.

पण त्याचा अर्थ लागायला अजून अवकाश होता, कारण पॅनल निघत नव्हतं. दिसतील तेवढे बोल्ट काढले होते. प्लास्टिकच्या क्लिपांपैकी दोन वडिलांनी स्क्रू ड्रायव्हर डोक्याखाली घालून उचकटल्या आणि त्या तुटल्या. या क्लिपांना मधोमध एक खिळी असते. ती किंचित आत दाबली की ‘टक्’ होऊन क्लिप सैल पडते आणि बोटाने निघते. बसवताना खिळी उलटी बाहेर काढायची, क्लिप भोकात घालायची आणि खिळी डोक्याच्या पातळीत येईपर्यंत दाबायची. हे एकदा दाखवल्यावर उरलेल्या सगळ्या शाबूत निघाल्या.

आता निर्णयाचा पहिला खरा क्षण. संध्याकाळ होत आली होती, पॅनल पुढून सुटलं होतं, वरच्या बाजूला टाकीखाली अडकलं होतं. वडिलांनी दोन्ही हातांनी धरलं.

“बाबा, थांबा. ओढू नका.”

“अगं, रबरात अडकलंय. एक झटका दिला की येईल.”

“मास्तरांना विचारा ना आधी.”

ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगा. सगळे बोल्ट तर निघाले.”

मी सांगितलं ते असं. रबरात बसलेली खुंटी आणि बोल्टाने धरलेलं पॅनल हाताला वेगळं लागतं. खुंटी असेल तर पॅनल थोडं येतं, सोडलं की रबरामुळे परत जातं. बोल्ट असेल तर ते एका बिंदूभोवती फिरतं आणि त्या बिंदूपाशी प्लास्टिक वाकून रंग पांढुरका पडायला लागतो. इथे ते फिरत होतं. म्हणजे न दिसणारा एक बोल्ट शिल्लक होता. उजेड गेला होता. वडिलांना काम अर्धवट टाकणं पसंत नव्हतं, तरी त्यांनी हात काढला. काढलेले बोल्ट परत बोटांनी दोन-दोन आटे लावले, गाडीवर ताडपत्री टाकली आणि काम रविवारवर ढकललं. त्या संध्याकाळी एक झटका बसला असता, तर वरचा लॉक मुळापासून गेला असता आणि नवं पॅनल खरोखरच घ्यावं लागलं असतं.

रविवारी सकाळी सीट काढली, टाकीच्या बाजूचं छोटं कव्हर सोडलं आणि त्याखाली तो बोल्ट सापडला. मग पॅनल बाहेर आलं ते असं: खुंटीच्या अगदी जवळ धरून सरळ स्वतःकडे, नंतर अख्खं पॅनल थोडं पुढे सरकवून खाचेतून मोकळं. इंडिकेटरची वायर ताणली जायच्या आत मुलीने हात मागे घालून कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवला. वायर धरून ओढायची नाही, कनेक्टर धरायचा, हे तिला सांगावं लागलं नाही.

आत काय दिसलं

लांब बोल्टाचं टोक पलीकडच्या नटातून सेंटीमीटरभर बाहेर आलेलं होतं. फॅनची वायर जिथे चिमट्यात धरलेली असायला हवी, तिथला चिमटाच नव्हता. सुटलेली वायर लोंबकळत बोल्टाच्या टोकाशी आली होती आणि टोक तिला रेडिएटरच्या पट्टीवर दाबत होतं. रोजच्या कंपनात काळ्या वायरचं कव्हर घासून गेलं, आतलं तांबं मुंबईच्या दमट हवेत हिरवं पडलं आणि एकेक तार तुटत गेली.

फ्यूज शाबूत होता. सुरुवातीला याचंच आश्चर्य वाटत होतं. या गाडीत काळी वायर अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला (चासीला) जोडलेली. ती उघडी पडून बोल्टाला टेकली तरी शॉर्ट होत नाही, कारण बोल्टही सांगाड्यालाच जोडलेला. फॅनची दुसरी वायर घासली असती तर फॅन चालू व्हायच्या वेळी टेकताक्षणी फ्यूज उडाला असता आणि बिघाड तेव्हाच कळला असता. काळी घासली म्हणून तो आठवडे दबून राहिला.

खात्री करायला फॅनचा कनेक्टर सोडून त्याला थेट बॅटरीवरून १२ व्होल्ट दिले. फॅन लगेच फिरला. मल्टिमीटरने काळ्या वायरचं टोक आणि चासी यांच्यात सलगता तपासली, जोड अखंड असेल तर मीटर वाजतो. मीटर गप्प. वायर हलवली की वाजायचा, सोडली की गप्प. सेन्सर बदलायची गरजच नव्हती.

खडखडीचं मूळही तिथेच. ज्या बोल्टांना कॉलर असते, त्यांची कॉलर ग्रोमेटमधून, म्हणजे पॅनलच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून, जाते. बोल्ट कितीही आवळला तरी कॉलर धातूला टेकते आणि प्लास्टिकवर भार येत नाही, ते रबरात तरंगत राहतं. इथे लांब बोल्टाच्या जागचं ग्रोमेट गायब होतं, तेव्हा वॉशर थेट प्लास्टिकवर आवळला गेला आणि भोकापासून बोटाच्या पेराएवढी भेग निघाली. वरच्या खुंटीचंही ग्रोमेट नव्हतं, त्यामुळे ती खुंटी मोकळ्या भोकात वाजत होती. एक लॉक खरोखर अर्धा तुटला होता, एवढं गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर.

दुरुस्तीचा निर्णय

वायरचं काम पटकन झालं. खराब तुकडा चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला, नवा जोडून डाग दिला, वर उष्णतेने आवळणारी श्रिंक स्लीव्ह चढवली आणि नवा चिमटा लावून वायर रेडिएटरच्या वरच्या कडेने नेली.

पॅनलवर मात्र वाद झाला. वडिलांच्या मते तुटलेल्या लॉकला एम-सील, भेगेला फेविक्विक, काम संपलं. एम-सील टाकीला, पाइपाला उत्तम, पण लॉकला दर वेळी थोडं वाकावं लागतं. कडक पुटी वाकत नाही, ती मुळापासून सुटते. झटपट चिकटणारा गोंदही तसाच, जोड ठिसूळ होतो. आधी पॅनल कशाचं आहे ते बघायला हवं होतं. ते पालथं केलं तर आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेलं ‘एबीएस’ दिसलं. इंजिनाजवळच्या काळ्या आतल्या पट्टीवर ‘पीपी’ होतं. या प्लास्टिकच्या दोन वेगळ्या जाती, आणि हा फरक कळीचा आहे. एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून एबीएसचेच बारीक तुकडे अॅसिटोनमध्ये भिजवून केलेली लापशी लावली की जोड मूळ प्लास्टिकशी एकजीव होतो. पीपीवर तीच लापशी वाळली की नखाने निघते.

तुकड्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून तुटक्या पॅनलचा एक काळा तुकडा आणला, मागे ‘एबीएस’ वाचूनच. भेगेच्या टोकाला २ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मागच्या बाजूने चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी कापून सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये बुडवली आणि वर लापशीचे पातळ थर दिले. लॉकही तसाच उभा केला. अॅसिटोन भडकतं आणि तापलेल्या एबीएसची वाफ छातीत जाऊ द्यायची नसते, त्यामुळे हे सगळं गच्चीत, वाऱ्याला पाठ करून, आणि आयर्न थंड होऊन बाजूला गेल्यावरच बाटली उघडायची, या नियमाने. जाड थर आतून वाळायला वेळ घेतो. वडील दुसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबून बघत होते, मुलीने पॅनल कपाटावर ठेवून दिलं आणि पुढच्या शनिवारपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

बोल्टांसाठी वडील स्वतः नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेले. मशीद बंदरला उतरून त्या गल्लीत पाऊल टाकलं की फिटरचा चेहरा खुलतो. उरलेलं एक ग्रोमेट नमुन्याला नेलं होतं. आतलं भोक आणि खोबणीची रुंदी व्हर्निअरने मोजून दोन ग्रोमेट मिळाली. कॉलरचा नेमका बोल्ट मात्र मिळाला नाही. इथे त्यांच्या हाताची खरी किंमत दिसली. योग्य लांबीचा साधा बोल्ट घेतला आणि स्टीलच्या नळीचा तुकडा कापून, कानशीने घासून त्याची कॉलर केली. नळी ग्रोमेटच्या जाडीपेक्षा केसभर आखूड ठेवायची, म्हणजे बोल्ट आवळल्यावर रबर किंचित दाबलं जातं आणि भार धातूवर येतो. ती घासून, मोजून, परत घासून त्यांनी अशी आणली की बोल्ट टेकताना हाताला थांबा स्पष्ट जाणवावा. मी वर्गात हे अनेकांना शिकवलं आहे, इतकं नेमकं फार थोड्यांना जमतं.

तिथल्या एका दुकानदाराने बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकची बाटली पुढे केली होती. वडिलांनी ती घेतली नाही हे चांगलं झालं. ते द्रव धातूसाठी ठीक, पण एबीएसला लागलं तर ताणाखालच्या प्लास्टिकला बारीक भेगा पाडतं. फेअरिंगच्या बोल्टांना ते लावूच नये.

बसवणी

पुन्हा शनिवार, या वेळी सकाळी. आभाळ भरून आलं होतं आणि वडिलांना पॅनल लावून मोकळं व्हायचं होतं. मुलगी अडून बसली की आधी फॅन चालताना डोळ्यांनी बघायचा, मगच पॅनल. तिचं बरोबर होतं. बॅटरी जोडली, गाडी उघड्या आवारात उभी करून इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता नुसतं चालू, ठेवलं. जरा वेळाने फॅन लागला, थोड्या वेळाने थांबला, परत लागला. लाल दिवा लागला नाही. मग इंजिन थंड होऊ दिलं. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळायला लावतो: कुलंटचे थेंब पडले असतील तर लगेच धुवायचे. ते चवीला गोड असतं, आवारातली मांजरं-कुत्री चाटतात, आणि त्यातलं ग्लायकॉल त्यांचा जीव घेतं.

बसवताना क्रम असा ठरला. ग्रोमेटच्या भोकांना साबणाचं पाणी, तेल किंवा ग्रीस नाही, कारण खनिज तेलाने अनेक प्रकारचं रबर फुगतं. आधी इंडिकेटरचा कनेक्टर. मग खाच, मग खुंट्या, तळव्याने त्यांच्या नेमक्या वर दाबून. इथे हात काढून घेतला. एकही बोल्ट नसताना पॅनल आपल्या जागी राहिलं पाहिजे. राहिलं. मग सगळे बोल्ट पुठ्ठ्यावरून एकेक उचलून बोटांनीच दोन-तीन आटे.

शेवटचा, खालचा बोल्ट जुळेना. पॅनलचं भोक आणि नट यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक. पेचकस घालून ओढून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि आवळून ठेवलेलं पॅनल ओढलं की ताण नव्या जोडावर जातो. वडिलांनी काही न बोलता वरचे सगळे बोल्ट परत सैल केले, पॅनल खालून तळव्याने जरा उचललं आणि बोल्ट बोटांनी आत गेला. आठवड्यापूर्वी झटका द्यायला निघालेला हा माणूस. त्यानंतर सगळे आवळले, मधून कडांकडे, आखूड एलन कीने, लांब टी-पाना न वापरता. कॉलर टेकली की थांबायचं.

हँडल दोन्ही टोकांना फिरवून क्लचची केबल कुठे घासत नाही ना ते बघितलं. इंडिकेटर, हॉर्न, हेडलाइट तपासले.

काय साध्य झालं

पुढच्या सोमवारपासून गाडी त्याच रस्त्यावर, त्याच कोंडीत. फॅन लागतो, दिवा लागत नाही. चार हजारांवरची खडखड गेली. सहा हजारांच्या आसपास एक बारीक किणकिण राहिली होती. ती पुढे वायझरच्या, म्हणजे हँडलपुढच्या पारदर्शक काचेच्या, रबरी नटांमध्ये सापडली. या फेअरिंगशी तिचा संबंध नव्हता, पण ‘सगळं गेलं’ असं म्हणता येणार नाही. जोडाच्या जागी बाहेरून केसासारखी रेघ दिसते आणि काढताना सतरंजीबाहेर टेकल्याने कडेला एक ओरखडा उठला आहे. खर्च ग्रोमेट, बोल्ट, क्लिपा, अॅसिटोन, स्लीव्ह सगळं धरून सातशेच्या आत. पाऊस सुरू झाल्यावरही जोडाने दगा दिला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते यातली सर्वांत गंभीर बाब फेअरिंगची नव्हतीच. लाल दिवा लागत असताना गाडी दोन आठवडे चालवली गेली. तापलेलं इंजिन हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, घेऊन जाऊ शकतं, आणि मग हिशोब पॅनलच्या किमतीत बसत नाही. दिवा पहिल्यांदा लागला त्याच संध्याकाळी गाडी आयडलवर ठेवून, खालून टॉर्च मारून फॅन फिरतो का एवढं बघितलं असतं, तरी पुरलं असतं. त्याला एकही बोल्ट काढावा लागत नाही.

सुरुवात संध्याकाळी करायला नको होती. न दिसणारा बोल्ट उजेडात अर्ध्या तासात मिळाला असता. या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवलं असतं तर तो शोधावाही लागला नसता, त्यात प्रत्येक पॅनलच्या बोल्टांच्या जागा चित्रासह असतात. क्लिपाही आधीच आणून ठेवायला हव्या होत्या. जुन्या क्लिपांमधल्या एक-दोन जातातच, आणि त्या नसल्या की शनिवारी दुकान गाठण्यात दुपार जाते.

वायरच्या बाबतीत मी थोडा साशंक आहे. काळी बदलली, तिच्या शेजारची वायर वरून ठीक दिसली म्हणून तशीच ठेवली. तिचंही कव्हर त्याच पट्टीवर टेकत होतं. तेव्हाच बदलली असती तर काम दहा मिनिटांनी वाढलं असतं.

उजवी बाजू उघडली नाही. ‘उघडलंच आहे तर’ ही वाट बंद ठेवायची हे आधीच ठरलं होतं, आणि पाऊस डोक्यावर होता, म्हणून तो निर्णय मला आजही पटतो. पण बाहेरून पाहिलं तर उजवीकडेही एका बोल्टाखाली तसाच साधा वॉशर दिसतो. वडिलांनी त्याच्यासाठी कॉलरची दुसरी नळी कापून ठेवली आहे. पुढच्या वेळी कुलंट बदलायचं होईल तेव्हा दोन्ही पॅनल मुलगी घरीच काढणार आहे आणि गाडी उघडीच, जवळच्या दुसऱ्या गॅरेजपर्यंत ढकलत नेणार आहे. तिथल्या मेकॅनिकला तिने आधीच विचारलं. तो म्हणाला, “आणा की ताई, माझंही अर्धं काम वाचेल.”